सातवी वडी

दोन मिनिटं तार पेटायची आणि दोन मिनिटं विझायची. मंगळवारी सकाळी सातला टीरा रोसवालने ती किती तास टिकते ते बघायला स्वतःच्या हाताने तिला वीज जोडली होती. आज गुरुवार, सकाळचे नऊ वाजून गेले होते, म्हणजे पन्नास तास उलटले होते. स्विच खट्‌कन पडला की तार लाल व्हायची, मग केशरी, मग डोळ्यांना खुपेल इतकी पिवळी. दुसरा खट् झाला की करडी पडून गप्प लोंबायची. दर खट्‌ला टीरा मान वर करून बघायची. दोन दिवसांत ती धड जेवली नव्हती. काल तर तिने कॉफीच्या किटलीऐवजी चाचणीचा चंबू उचलून कपात ओतला होता, आणि नशीब की त्यात नुसतं पाणी होतं.

आणि नेमके आजच बाबा समोर येऊन बसले होते.

वाल्फ्रीड रोसवाल, वय एकसष्ट, कारखान्याच्या वितळभट्टीचे मुख्य. भट्टीला नवं अस्तर घालायचं काम चालू होतं, त्यामुळे त्यांना आज हाताला काम नव्हतं. कोल्बेक नदीवरच्या या कारखान्यात बिनकामाचा भट्टीवाला म्हणजे घरभर अडमडणारं सामान. जिथे जाईल तिथे लोकांच्या पायात येणार. तेव्हा ते जिना चढून लेकीच्या लॅबमध्ये आले, स्टूल ओढलं आणि टोपी मांडीवर घेऊन तारेकडे बघत बसले.

"बाबा, खाली जाऊन कॉफी तरी घ्या."

"इथे काय वाईट आहे? ऊब आहे."

"तुम्ही बघत बसलात म्हणून ती जास्त जगणार आहे का?"

"तू बघतेयस म्हणून तरी कुठे जगणार आहे?" असं म्हणून त्यांनी टोपी दुसऱ्या मांडीवर घेतली.

टीराला हसू आलं नाही. ही तार मरणार हे तिला ठाऊक होतं. कधी, एवढंच माहीत नव्हतं, आणि दुपारी दोनच्या गाडीने नॉरशेपिंगच्या चूल-कारखान्याचे दोन साहेब ही तार बघायला येणार होते. ती मेली की बाबांची भट्टी जाणार होती. हेही तिला ठाऊक होतं, कारण हे सगळं तिनेच करून ठेवलं होतं.

ही तार इस्त्रीत, विजेच्या चुलीत, पाव भाजायच्या यंत्रात जाते. लोखंडात क्रोमियम आणि थोडंसं ॲल्युमिनियम घालून ती बनते, आणि सगळी मेख त्या थोड्याशात आहे. तार तापली की ॲल्युमिनियमची सायीसारखी पातळ कातडी तिच्या अंगावर धरते आणि आतलं लोखंड जळू देत नाही. तापून गार होताना त्या कातडीला चिरा जातात, मग आतून आणखी ॲल्युमिनियम वर येऊन त्या बुजवतं. आतला साठा संपला की तारेचा कारभार आटोपला. मग भरपूर घालावं की, असं कुणालाही वाटेल. पण ॲल्युमिनियम वाढलं की तीच तार गार असताना काडीसारखी मोडते, आणि ती ओढून बारीक करणाऱ्या माणसांच्या तोंडाला फेस येतो. म्हणून इंजिनियर हागेलिन यांनी नियम घातला होता: शंभरात पाच. पाच पॉइंट तीनच्या वर गेलं तर अख्खा घाण, म्हणजे भट्टीतून एका वेळी निघालेला सगळा माल, भंगारात आणि भट्टीवाल्याला लेखी ताकीद.

शरद ऋतूत विजेची नवी भट्टी आली, आणि तिच्या पहिल्या दोन्ही घाणांत टीराला पाच पॉइंट आठ सापडलं. दोन घाण, दोन ताकिदी. तिसऱ्यानंतर वाल्फ्रीड रोसवाल भंगाराच्या आवारात पत्रे निवडायला जातील, असं हागेलिन यांनी सगळ्यांदेखत सांगितलं होतं. पेन्शनला दोन वर्षं राहिलेली असताना. हागेलिन दुष्ट मुळीच नव्हते. ते तिशीतले होते आणि आकड्यांवर त्यांची श्रद्धा होती, एवढाच त्यांचा दोष.

फेब्रुवारीत तिसरा घाण आला. टीराने नमुना विरघळवला, गाळला, जाळला, तोलला. पाच पॉइंट आठ. तिने पुन्हा पहिल्यापासून केलं. पाच पॉइंट आठ. मग तिने नोंदवहीत पाच पॉइंट शून्य लिहिलं आणि खाली सही ठोकली. नऊ वर्षांत तिने लिहिलेला हा पहिला खोटा आकडा.

खोट्याला पोरं फार लवकर होतात. ॲल्युमिनियम जास्त असलं की तार विजेला जास्त अडवते, आणि हागेलिनना तेवढ्यावरूनही सुगावा लागला असता. म्हणून टीराने तारेची जाडी केसभर कमी लिहून तोही हिशेब जुळवून टाकला. मग ती तार खाली ओढायला गेली, तेव्हा बाहेर उणे अठरा होतं आणि वेटोळी अंगणात पडून गारठलेली होती. सिक्स्टेन नावाच्या कारागिराच्या हातात ती चारदा तुटली. चौथ्यांदा तुटलेलं टोक चाबकासारखं उसळून त्याच्या कानापासून हनुवटीपर्यंत फाडत गेलं. सहा टाके पडले. टीराने त्याच्या घरी वेलदोड्याच्या पावांची टोपली नेऊन ठेवली आणि एक शब्द न बोलता पळून आली.

आणि एवढं रामायण झाल्यावर ती तार जगली किती? एकशे एक्केचाळीस तास! या कारखान्यात साठाच्या पुढे कुठलीही तार गेली नव्हती. हागेलिन लॅबमध्ये अक्षरशः नाचले. "पाच! बरोब्बर पाच! मी म्हणत नव्हतो?" त्यांनी लगेच चूलवाल्यांना पत्र धाडलं. पुढच्या घाणाला ते स्वतः भट्टीपाशी उभे राहिले, ॲल्युमिनियमच्या सहा वड्या तोलून दिल्या, बाकीच्या कपाटात टाकल्या आणि किल्ली खिशात घातली. "आता जर तार तशी निघाली नाही," ते म्हणाले, "तर दोष माझ्या मापात नाही, भट्टी चालवणाऱ्यात आहे." त्या घाणात टीराला खरोखरचं पाच सापडलं. ते तिने खरं तेच लिहिलं, आणि तीच तार आता तिच्यासमोर पेटत आणि विझत होती.

खट्.

जिन्यावर बूट वाजले आणि सिक्स्टेन दारात उभा राहिला. गालावरची खपली आता तपकिरी झाली होती. "आहे का जिवंत?"

"आहे," टीरा म्हणाली.

"टीराबाई, पाव संपले. पुन्हा कधी पाठवताय? हवं तर दुसरा गाल पुढे करतो."

"सिक्स्टेन, कामाला जा."

"जातो, जातो. वाल्फ्रीडकाका, एक सांगू? ही तार तुमची नाहीच. लोण्यासारखी ओढली गेली, एकदाही तुटली नाही. मागची तुमची होती. अस्सल डाकीण! मी तर शेवटी तिची वेटोळी स्टोव्हपाशी उबेला ठेवली, मग कुठे ती बाई ताळ्यावर आली. दोन्हींत माल एकच म्हणतात साहेब. माझ्या गालाला विचारा म्हणावं."

तो हसत निघून गेला. बाबा हसले नाहीत. त्यांनी टोपी पुन्हा या मांडीवरून त्या मांडीवर घेतली. टीराच्या लक्षात आलं की तेही तासाभरापासून जागच्या जागी चुळबुळतायत. ते खुशीत बसलेत असं ती समजत होती. मागच्या तारेने त्यांचं नाव झालं होतं ना. पण माणूस खुशीत असला की टोपीची कड अशी कुरतडत बसत नाही.

"या घाणात किती निघालं?" त्यांनी विचारलं.

"काय किती?"

"ॲल्युमिनियम. दुसरं काय?"

"पाच."

"नक्की पाच? चार पॉइंट दोन-तीन नाही?"

"तीनदा काढलं, बाबा. पाच."

तार पेटली. पेटली तेव्हा मधल्या वळणाच्या जरा डावीकडे एक ठिपका बाकीच्या तारेपेक्षा पांढरा दिसला. ठिपका दिसला म्हणजे तिथली कातडी बुजेनाशी झाली. आता अर्धा तास, फार तर एक. तिने घड्याळाकडे पाहिलं, खिडकीशी गेली, परत आली, पुसलेली काचनळी पुन्हा पुसली.

"आणि मागच्या घाणात?" बाबा.

"तुम्हाला माहीत आहे की."

"तू सांग."

"पाच."

बाबांनी डाव्या हाताची बोटं मिटली, उघडली, पुन्हा मिटली. मग ते अगदी हळू आवाजात म्हणाले, "मग सातवी वडी गेली कुठे?"

"कुठली सातवी?"

त्यांनी दाराकडे पाहून घेतलं. आयुष्यभर आगीशी झुंजलेला हा माणूस शाळकरी पोरासारखा कानापर्यंत लाल झाला होता.

"भट्टीची. साहेब सांगतो त्याच्यावर एक टाकायची, ती भट्टीचा घास. म्हातारा टोरेन होता ना माझ्या वेळी, त्याने शिकवलं. जुन्या भट्टीत वरवर जळून जायचं गं निम्मं. म्हणून एक तिच्या नावाने टाकायची, मोठ्याने मोजायची नाही, कुणाला सांगायचं नाही. सदतीस वर्षं टाकतोय. हागेलिनला सांगितलं असतं तर तो हसला असता, जेवताना सगळ्यांना सांगितलं असतं त्याने. या वेळी त्याने कपाटच लावून घेतलं. भट्टी उपाशी गेली. म्हणून मी इथे बसलोय सकाळपासून. म्हटलं, या तारेत कमी पडणार आणि ही मरणार."

टीरा जागच्या जागी उभी राहिली. सात. ते सात मोजून टाकत होते. त्यांची मोजणी चुकत नव्हती. तिला आधी इतकं हलकं वाटलं की तिने टेबलाची कड धरली, आणि लगेच दुसऱ्या क्षणी ती सावध झाली, कारण बाबांची बोटं अजून मिटत आणि उघडत होती.

"मागे सात टाकल्या तर पाच," ते म्हणाले. "आता सहा टाकल्या तरी पाच. असं होत नाही, टीरा. नवी भट्टी खात असेल तर या वेळी कमी यायला हवं. खात नसेल, तर मागच्या वेळी जास्त यायला हवं होतं. पहिल्या दोन घाणांना तू पाच पॉइंट आठ लिहिलंस. मला वाटलं, भंगारातच काही आलं असेल. तिसऱ्याला पाच लिहिलंस, तेव्हा वाटलं, चला, भट्टी रुळली, खायला लागली."

खट् झालं आणि तार पेटली. पांढरा ठिपका आता मोहरीएवढा होता. दोघंही त्याच्याकडे बघत राहिले. विझली, पेटली, विझली. अकराला सहा मिनिटं असताना ती पेटली, ठिपक्यातून एक ठिणगी उडाली आणि तार दोन तुकडे होऊन लोंबली. स्विच मात्र आपला पुढेही खट् खट् करत राहिला, शेवटी टीराने हात लांबवून तो बंद केला. बावन्न तास पुरे व्हायला सहा मिनिटं राहिली होती.

ठिणगीचा वास जिन्यापर्यंत गेला की काय कोण जाणे, पण पाच मिनिटांत हागेलिन आले. नवी कॉलर, केसांना पाणी लावलेलं, पाहुण्यांची तयारी. त्यांनी लोंबणाऱ्या तारेकडे पाहिलं, मग घड्याळाकडे.

"एकशे एक्केचाळीस तासांची तार बावन्नाला मेली. त्याच मापाची! मी स्वतः तोललं! रोसवाल, तुम्ही काय केलंत? मळी नीट काढली नाहीत? तापवून ठेवलंत? काहीतरी केलंत तुम्ही."

बाबा उठून उभे राहिले. टोपी दोन्ही हातांत. "साहेब," ते म्हणाले, "असेल. वयाने होतं कधी कधी. माझ्या हातून—"

ते तिच्यासाठी खोटं बोलायला निघाले होते. टीराने ते ऐकलं आणि तिच्याने राहवेना.

"यांनी काही केलेलं नाही," ती म्हणाली. "तुम्ही सांगितलं तेच केलं, म्हणून ती मेली. मागच्या तारेत पाच नव्हतं. पाच पॉइंट आठ होतं. मी खोटं लिहिलं. जाडीही मीच खोटी लिहिली. सिक्स्टेनचा गाल माझ्यामुळे फाटला."

हागेलिननी खुर्ची ओढली, पण बसले नाहीत. "पाच पॉइंट आठ," ते पुटपुटले. "म्हणजे एकशे एक्केचाळीस तास... पाच पॉइंट आठला. आणि पहिले दोन घाण मी भंगारात टाकले." त्यांच्या चेहऱ्यावर राग येत होता आणि त्या रागाच्या मधूनमधून दुसरंच काहीतरी डोकावत होतं, आकड्यांच्या माणसाला नवा आकडा सापडला की तो पुरता रागावूही शकत नाही. "ओढताना तुटते ती. पण ऊब देऊन ओढली तर? सिक्स्टेनने ओढलीच ना? रोसवाल, पाच पॉइंट आठ कसं येत होतं दर वेळी?"

"सात वड्या टाकत होतो, साहेब," बाबा म्हणाले. "भट्टीचा घास म्हणून एक."

हागेलिन हसले नाहीत. त्यांनी खिशातली पेन्सिल काढून मनगटाच्या कफवर काहीतरी खरडलं. "सोमवारी अस्तर वाळेल. तुम्ही भट्टीवर या. सात टाका. तोलून टाका, पण सात. पाहुण्यांना मी मागच्या तारेचे तुकडे दाखवतो आणि काय ते सांगतो." मग ते टीराकडे वळले आणि त्यांचा आवाज खाली आला. "मिस रोसवाल, नोंदवही आणि किल्ल्या इथे टेबलावर ठेवा. खोट्या आकड्यावर सही करणारं माणूस मला या खोलीत ठेवता येणार नाही. का केलंत हे?"

"तिसरी ताकीद होती."

त्यांनी मान हलवली, नोंदवही काखेला मारली आणि गेले. जिन्यावर बुटांचा आवाज खाली खाली जात थांबला.

टीराने किल्ल्यांचा जुडगा कंबरेचा सोडवून ठेवला. नोकरी गेली होती आणि बाबांची भट्टी राहिली होती. सौदा वाईट नव्हता. नदीवर बर्फ तडकत होता, त्याचा आवाज इथवर येत होता.

"बाबा, चला," ती म्हणाली. "आज वाटाण्याचं सूप आहे कॅन्टीनला. मला भूक लागलीय."

बाबा हलले नाहीत.

"तिसरी ताकीद होती, ते समजलं मला," ते म्हणाले. "पण सातव्या वडीचं तुला कुठे माहीत होतं? तीन वेळा पाच पॉइंट आठ आलं. तुला काय वाटलं, ते कसं आलं?"

या प्रश्नाचं खरं उत्तर तिला माहीत होतं आणि खोटं सुचत नव्हतं. डिसेंबरात एका संध्याकाळी बाबांनी टेबलावर तीन ताटं मांडली होती, आई जाऊन दोन वर्षं झालेली असताना. त्या दिवसापासून तिची खात्रीच झाली होती.

"तुला वाटलं, मला सहापर्यंत मोजता येत नाही," बाबा म्हणाले.

"बाबा, मी—"

"कधीपासून वाटत होतं?"

"डिसेंबर. डिसेंबरपासून."

त्यांनी मान डोलावली. एकदा, सावकाश, मग पुन्हा. त्यांचे ओठ हलत होते, ते मनात काहीतरी जुळवत होते, आणि टीराला कळलं की ते काय जुळवतायत. डिसेंबरपासून ती रोज जेवण झालं की त्यांच्याजवळ बसायची. त्यांना पेपर वाचून दाखवायची, पहिल्या पानापासून मृत्यूच्या बातम्यांपर्यंत. आज वार कुठला, असं सहज विचारल्यासारखं विचारायची. पत्ते मांडायची आणि गुण त्यांना मोजायला लावायची. लहानपणानंतर ती अशी कधी त्यांच्याजवळ बसली नव्हती.

"त्यासाठी बसत होतीस होय तू," बाबा म्हणाले. "मला वाटलं, तुला माझ्याजवळ बसावंसं वाटतं."

त्यांनी टोपी डोक्यावर घातली, स्टूल उचलून जागच्या जागी भिंतीला लावलं आणि कठड्याला हात न लावता जिना उतरून गेले.